भावाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचंय? आधी एवढं वाचून घ्या

माझा लहान भाऊ तीन वर्षं झाली पीत नाही. आम्ही अमळनेर तालुक्यातले, घरी कापसाची शेती. आता गावात कोणाचा पोरगा, कोणाचा नवरा हाताबाहेर गेला की लोक मलाच विचारतात, कोणतं केंद्र चांगलं, किती दिवसात सुटते. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, रोजची पिणाऱ्याला घरात कोंडून दारू सोडवू नका. आम्ही तेच केलं होतं. भावाला सकाळी उठल्याउठल्या लागायची, नाहीतर हात इतके थरथरायचे की चहाची बशी धरता येईना. आम्ही त्याला मागच्या खोलीत घातलं न् बाहेरून कडी लावली. तिसऱ्या रात्री तो अंगावरचे मुंगळे झटकायला लागला, मुंगळा एकही नव्हता, अंग तापलेलं, मला ओळखेना, आणि आई म्हणे बाहेरचं काहीतरी झालं, भगताला बोलवा. ते बाहेरचं काही नव्हतं. भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की काही तासांतच थरथर न् घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा भ्रम होऊ शकतो, त्याला डॉक्टर डीटी म्हणतात आणि त्यात माणूस दगावतो सुद्धा. नशीब की शेजारच्या काकांनी गाडी काढली न् आम्ही रातोरात दवाखाना गाठला. धुळ्या-मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ना, ती अल्प्राझोलाम, झोपेची-चिंतेची गोळी जी नशेसाठी खातात, ती सुद्धा रोज खाणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. तिचा डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

म्हणून आधी डिटॉक्स, म्हणजे अंगातली दारू उतरवणं, डॉक्टरच्या नजरेखाली. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. गोळ्या, व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं, बहुतेकांचं आठवडा-दहा दिवसात अंग सावरतं. आणि घरचे इथेच फसतात, चेहऱ्यावर तेज आलं, दोन भाकरी खायला लागला की म्हणतात झाला बरा, चला घरी. अंगातली दारू गेली, पण डोक्यातली ओढ तशीच असते, संध्याकाळी सात वाजता करायचं काय हे त्याला अजून माहीतच नसतं. केंद्र त्याच्यासाठी असतं.

सगळ्यांनाच केंद्रात ठेवावं लागतं असं नाही. ज्याचा कामधंदा चालू आहे, घरचे पाठीशी आहेत, त्याचं ओपीडी न् काउन्सेलिंगवरही भागतं. पण दोन-तीनदा सोडून परत लागली, आधी फिट आलेली आहे, जिवाचं बरंवाईट करायचं बोलतो, किंवा घराच्या पन्नास पावलांवर हातभट्टी आहे, अशाला राहून उपचार घेतलेले बरे.

आता केंद्र कसं बघायचं. आमचं पहिलं केंद्र चुकलं, जाहिरात बघून ठरवलं होतं. रात्री जीप घेऊन चार जण आले न् त्याला उचलून नेलं, महिनाभर भेट नाही, फोन नाही. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते, आणि स्टँडवरच प्यायला. त्याचा राग मला अजून आहे, त्यांच्यावर न् माझ्यावरही, कारण मी आत जाऊन बघितलंच नव्हतं. तुम्ही बघा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का ते कागद मागून बघा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात किती वेळा येतो, रात्री फिट आली तर कुठे नेणार, घरच्यांची भेट कधी, खर्च लेखी देणार का हे विचारा. मारणं, साखळीने बांधणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात बसत नाही, आणि व्यसनही त्या कायद्यात येतं. माणूस स्वतः भरती होऊ शकतो. त्याला निर्णय घेण्याइतकी शुद्धच नसेल तर दोन तज्ज्ञांनी तपासून, घरच्या प्रतिनिधीच्या अर्जावर भरती होते, तीही आधी ३० दिवसांपुरतीच. केंद्र माहीत नसेल तर १४४४६ हा सरकारी टोल फ्री नंबर लावा, सरकारी अनुदानावरची केंद्रंही असतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, आपल्याकडचेही तिथे जातात.

आत दिवस बांधलेला असतो. पहाटे उठणं, व्यायाम, आपापली भांडी घासणं, मग ग्रुप, त्यात एकेक जण आपलं खरं सांगतो, मग काउन्सेलरशी एकट्याने बोलणं. माझा भाऊ दुसऱ्या केंद्रात पहिले आठ दिवस ग्रुपमध्ये खाली मान घालून चटईची काडी सोलत बसायचा. नवव्या दिवशी बोलला, बायकोची पोत गहाण टाकल्याचं, जे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

फोन येणार हे धरून चला. "दादा, माले घर लई चाल, आठे नको ठेवू." म्हणजे मला घरी ने, इथे नको ठेवू. त्या दिवशी मी बाहेर जाऊन रडलो, पण आणायला गेलो नाही. मारहाण, उपाशी ठेवणं अशी तक्रार असेल तर त्याच दिवशी जाऊन डोळ्यांनी बघा, नुसतं करमत नाही असेल तर काउन्सेलरशी बोला. आणि त्याच्या खिशात गुपचूप पैसे, गुटख्याच्या पुड्या देऊ नका, आईलोक हे हमखास करतात.

तो आत असताना घरच्यांनीही काम करायचं असतं. उधारीची यादी करा, घरातल्या बाटल्या काढा, वहिनीला बोलतं करा. तिची झोप, तिचा धसका याकडे कोणी बघतच नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचा गट आहे, केंद्रातही फॅमिली मिटिंग असते, तिला घेऊन तुम्ही स्वतः जा.

सुट्टीची तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या तोंडावर आणू नका हो, गावात पत्त्यांचे डाव बसलेले, त्यात लग्नसराई, प्रत्येक वरातीत कोणीतरी हाताला धरून बाजूला नेणारच. पहिले काही महिने वरातीला जाऊच नये, लग्न लावायचं, जेवायचं न् परत. पाहुणे रागावतील तर रागावू द्या. फॉलोअपची तारीख चुकवायची नाही, एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट, त्याची मिटिंग जवळ असेल तर जायचं. दारूवर रिअ‍ॅक्शन देणारी गोळी, डायसल्फिराम, डॉक्टरने दिली तर त्याला सांगूनच द्या. स्टँडवर पत्रकं मिळतात ना, पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा म्हणून, तसलं काही भाजीत कालवू नका, वरून प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

आणि परत एखाद्या दिवशी प्यायला तर? आमचा पोळ्याला प्यायला होता, सुटून पाच महिने झाले होते. आईने कपाळ बडवलं, वडील म्हणे पैसे वाया गेले. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत, काउन्सेलरला फोन लावून त्याच्या कानाला दिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दोघं केंद्रावर गेलो, संध्याकाळी परत आलो, आणि रात्री तो बैलांना चारा टाकायला माझ्यासोबत शेतात आला.