झाडाखालच्या सावलीत बहुवर्षायू रोपे कशी लावावीत

ठाण्यातील जुन्या सोसायट्यांत आंब्याखालची किंवा पर्जन्यवृक्षाखालची जागा बहुधा उघडीच असते, कारण तिथे गुलाब-जास्वंद लावून माणसे हात टेकतात. या जागेला पेव (जमिनीखाली गड्डे असलेले पावसाळी फुलझाड), नेचे, सिंगोनियम, स्नेक प्लांट आणि थोडे ऊन येते त्या कडेला स्पायडर लिली हीच रोपे योग्य आहेत. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की ती लावावीत.

खरी कसोटी मुळांमध्ये खड्डा करण्याची. बुंध्याभोवती फूटभर लाल माती ओतून वाफा करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कधीही ऐकू नये. मी तो ऐकला होता. दुसऱ्या पावसाळ्यात माती बाजूला केली, तेव्हा आमच्या आंब्याची साल काळी पडली होती आणि बोटाने दाबताच सुटत होती. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात व त्यांना हवा लागते. वर भर पडली की ती गुदमरतात आणि मातीआड गेलेली साल कुजते. ती माती काढताना वाटलेली हळहळ अजून गेलेली नाही.

म्हणून बुंध्यापासून तीन फूट जागा मोकळी सोडावी. त्यापुढे लोखंडी सळईने जमीन चाचपावी आणि ती सहज आत जाईल तिथेच खुरप्याने वीतभर खोल खड्डा घ्यावा. केसासारखी मुळे तुटली तर चालते; अंगठ्याएवढे मूळ लागले, तर ते न तोडता खड्डाच हातभर सरकवावा. नवी मुंबईतील भरावाच्या जमिनीत मुरूम आणि डबरही लागते, तिथे अधिक धीर धरावा. मोठ्या रोपाचा मोह टाळावा, कारण त्याला मोठा खड्डा लागतो. चार इंची पिशवीतले रोप दोन पावसाळ्यांत जागा भरून काढते. खड्ड्यात तीच माती थोडे शेणखत मिसळून परत घालावी.

वर दोन इंच पालापाचोळा पसरावा, मात्र तो बुंध्याला टेकू देऊ नये. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यापासून मेअखेरपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे.

हिवाळ्यात पेवाची पाने पिवळी पडून दांडे आडवे होतात. अनेक माळी रोप मेले असे समजून गड्डे उपटून टाकतात. तसे होऊ देऊ नये. तिथे एक काठी रोवून ठेवावी, पाऊस सुरू झाला की त्याच जागी लालसर कोंब वर येतात.