जुने डॉस गेम आणि प्रोग्राम आजच्या कॉम्प्युटरवर कसे चालवावेत

कपाटात जपून ठेवलेल्या सीडीवरचा जुना गेम आजच्या विंडोजमध्ये डबल क्लिक करून उघडायला जावं, तर तो या पीसीवर चालणार नाही एवढाच निरोप येतो. बहुतेक जण तिथेच नाद सोडतात. पण फाइलमध्ये काहीच बिघाड नसतो. डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे, प्रोग्राम १६ बिटचे असतात आणि ६४ बिट विंडोजमध्ये ते चालवणारा भागच दिलेला नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. त्यामुळे प्रोग्रामला हात न लावता, त्याला हवं असलेलं जुनं यंत्र सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं. एम्युलेटर हेच काम करतो. प्रोसेसर, चित्रासाठीचं व्हीजीए कार्ड, आवाजासाठीचं साउंड ब्लास्टर कार्ड, सगळं खरंच समोर आहे असं तो प्रोग्रामला भासवतो.

एम्युलेटर निवडा

डॉससाठी डॉसबॉक्स. २००२ पासून तो मोफत मिळतो आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याच्यापासून निघालेल्या दोन आवृत्त्या आज जास्त कामाच्या आहेत: गेमसाठी डॉसबॉक्स स्टेजिंग, आणि ऑफिसची कामं, प्रिंटिंग किंवा विंडोज ३.१ साठी डॉसबॉक्स-एक्स. पहिल्यांदाच करत असाल तर स्टेजिंग घ्या.

ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरांपैकी कमोडोर ६४ चे प्रोग्राम असतील तर व्हाइस, झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी फ्यूज. विंडोज ९५ किंवा ९८ च्या काळातलं काही असेल तर ८६बॉक्स बघा, पण तिथे आधी ती विंडोज इन्स्टॉल करावी लागते. माउसने चित्रावर क्लिक करत खेळायचे जुने साहसी गेम असतील, तर स्कमव्हीएम सगळ्यात सोपा. तो खरं तर एम्युलेटर नाही. त्यात त्या गेमची इंजिनं नव्याने लिहिलेली आहेत, म्हणून त्याला मूळ गेमच्या फक्त डेटा फाइली लागतात.

प्रोग्राम मिळवा

कंपनीने विकणं बंद केलं म्हणून कॉपीराइट संपत नाही. 'अबँडनवेअर' म्हणून जे वाटलं जातं, त्याला त्या नावामुळे कायद्याचा आधार मिळत नाही. सरळ मार्ग बरेच आहेत. १९९३ च्या डूमचा पहिला भाग शेअरवेअर म्हणून मोफत वाटण्यासाठीच काढलेला होता. सरावाला तो उत्तम. जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानात कितीतरी जुने डॉस गेम डॉसबॉक्ससह तयार मिळतात.

तुमच्या स्वतःच्या फ्लॉपी असतील तर मात्र घाई करा. चुंबकीय थर वर्षागणिक कमजोर होतो, आणि आज वाचली जाणारी फ्लॉपी पुढच्या वर्षी वाचली जाईलच याची खात्री नाही. साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हमध्ये वाचता येते. घालण्यापूर्वी कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून खिडकी उघडी करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. सव्वापाच इंचीला जुना ड्राइव्ह आणि ग्रीझवीझलसारखं कंट्रोलर बोर्ड लागतं. दोन्ही बाबतीत फाइली एकेक करून उचलण्यापेक्षा अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, काढा. मग मूळ फ्लॉपी आत ठेवून द्या आणि इमेजच्या प्रतीवरच काम करा.

फोल्डर जोडा

हार्ड डिस्कवर एक नवं फोल्डर करा. नाव छोटं ठेवा आणि मध्ये मोकळी जागा नको, कारण डॉसला आठ अक्षरांचं नाव आणि तीन अक्षरांचं एक्स्टेंशन एवढंच कळतं. त्यात प्रत्येक गेमचं वेगळं फोल्डर ठेवा.

डॉसबॉक्स सुरू केला की काळ्या पडद्यावर झेड ड्राइव्ह दिसतो. आता आज्ञा टाइप करायच्या, अर्थातच रोमन अक्षरांत. आधी 'माउंट' (फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडण्याची आज्ञा), मग जागा सोडून 'सी', पुन्हा जागा सोडून तुमच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, आणि एंटर. मग 'सी' आणि कोलन टाइप करून एंटर. 'डीआयआर' म्हटलं की आतल्या फाइलींची यादी येईल. 'सीडी' आणि गेमच्या फोल्डरचं नाव देऊन आत शिरा आणि ईएक्सई, कॉम किंवा बॅट फाइलचं नाव टाइप करा. इमेज जोडायची असेल तर 'माउंट'ऐवजी 'इमेजमाउंट' नव्हे, 'आयएमजीमाउंट' ही आज्ञा आहे.

तुमचा संपूर्ण सी ड्राइव्ह कधीही माउंट करू नका. आतला प्रोग्राम खऱ्या फाइली बदलू आणि पुसू शकतो.

याच आज्ञा कॉन्फिगरेशन फाइलच्या शेवटी, ऑटोएक्झेक विभागात लिहून ठेवल्या की दर वेळी टाइप कराव्या लागत नाहीत.

वेग जुळवा

खरी मेहनत इथे आहे, आणि माझ्या मते खरी गंमतही. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. त्या काळी अनेकांनी थांबण्यासाठी घड्याळ न वापरता रिकामं लूप फिरवलं: इतके फेरे झाले की पुढची हालचाल. प्रोसेसर वेगवान झाला की तोच गेम डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो.

याचा सगळ्यात शिकण्यासारखा नमुना म्हणजे टर्बो पास्कलची 'रनटाइम एरर २००'. या भाषेत लिहिलेले पुष्कळ प्रोग्राम सुरू होताना सुमारे ५५ मिलिसेकंदांत लूपचे किती फेरे होतात ते मोजत आणि त्या आकड्याला ५५ ने भागत. यंत्र फार वेगवान असेल तर भागाकार १६ बिटमध्ये मावत नाही आणि प्रोग्राम शून्याने भागल्याची तक्रार करून बंद पडतो. ही एरर दिसली तर फाइल पुन्हा शोधत बसू नका, वेग कमी करा.

डॉसबॉक्समध्ये वेग 'सायकल्स'मध्ये मोजतात. कंट्रोल आणि एफ११ ने तो कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो. लॅपटॉपवर सोबत एफएन की दाबावी लागू शकते. ढोबळ मानाने अगदी सुरुवातीच्या पीसीसाठी ३००, ३८६ प्रोसेसरसाठी ५,००० च्या आसपास आणि ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ साठी २५,००० धरा. तिथून कानाने आणि डोळ्याने जुळवत जा. संगीत अडखळत असेल किंवा माउस ओढल्यासारखा चालत असेल, तर अनेकदा सायकल्स आजच्या यंत्राला झेपतील त्यापेक्षा जास्त झालेल्या असतात. अशा वेळी वाढवण्याऐवजी कमी करून बघा.

चित्र आणि आवाज

गेमचं सेटअप आवाजाबद्दल विचारेल तेव्हा साउंड ब्लास्टर निवडा आणि पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ असं द्या. डॉसबॉक्स हेच मूळ आकडे धरून चालतो.

चित्रातले गोल चपटे दिसत असतील तर ॲस्पेक्ट दुरुस्ती चालू करा. ३२० बाय २०० चं चित्र तेव्हाच्या ४:३ मॉनिटरवर भरून दिसायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला थोडा जास्त असायचा. चित्रकारांनी ते गृहीत धरूनच चित्रं काढली होती, म्हणून ही सेटिंग ऐच्छिक समजू नये असं मला वाटतं. पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट आणि एंटर, अडकलेला माउस सोडवायला कंट्रोल आणि एफ१०.

फक्त जुनी माहिती हवी असेल तर

दर वेळी एम्युलेटर लागतोच असं नाही. डीबेस या डेटाबेस प्रोग्रामच्या डीबीएफ आणि लोटस १-२-३ या स्प्रेडशीटच्या डब्ल्यूके१ फाइली लिबरऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडून बघा. वर्डस्टार या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामचं तसं नाही. त्याच्या दस्तऐवजात शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवलेला असतो, त्यामुळे साध्या एडिटरमध्ये प्रत्येक शब्दाचं शेपूट विचित्र दिसतं. तेव्हा डॉसबॉक्स-एक्समध्ये खुद्द वर्डस्टार चालवा, मजकूर फाइलमध्ये प्रिंट करा आणि ती फाइल माउंट केलेल्या फोल्डरमधून उचला.