जुनाट दुखण्याच्या उपचारात मनाची बाजू कशी सांभाळावी

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. गोळ्या, पट्टा, शेक, मालिश असे सारे करूनही कंबर, मान किंवा खांदा दुखायचा थांबत नाही, तेव्हा डॉक्टर कधीकधी मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटायला सुचवतात, आणि रुग्णाला वाटते की आपले दुखणे खोटे ठरवले गेले. या एका गैरसमजापायी अनेक जण उपचाराच्या निम्म्या भागाकडे फिरकतच नाहीत. वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा एकत्रित अनुभव मानला असून, दुखते असे रुग्ण सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असेही त्यासोबत स्पष्ट लिहिले आहे. पुढे सांगितलेले उपाय खऱ्या दुखण्यावरचेच आहेत.

मात्र त्यांच्याकडे वळण्यापूर्वी शरीराची नीट तपासणी झालेली असली पाहिजे. दुखण्यासोबत ताप येणे, कारणाशिवाय वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, रात्री पडून राहूनही वेदना न थांबणे किंवा पायातली ताकद कमी होत जाणे यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुखापतीची जागा आणि मेंदू यांच्यामध्ये वेदनेचा संदेश आहे तसा पोहोचत नाही, मज्जारज्जूतच तो वाढतो किंवा मंदावतो, असा सिद्धांत रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. त्यातील तपशील पुढे बदलले, पण मेंदूकडून खाली येणारे संकेत वेदना कमी-जास्त करतात, हे मूळ सूत्र टिकून आहे. भीती, अपुरी झोप, सततची काळजी आणि दुखण्याकडे लागलेले लक्ष यांनी ती वाढते; दिलासा, हालचाल आणि मन रमणारे काम यांनी ती उतरते. म्हणून पहिले दोन आठवडे एका साध्या वहीत नोंद ठेवावी. सकाळी आणि रात्री अशी दिवसातून दोनदाच शून्य ते दहा या मापाने वेदना लिहावी, त्यासमोर त्या वेळचे काम, आदल्या रात्रीची झोप आणि मनात घोळणारी गोष्ट लिहावी. दर तासाला नोंद करू नये, कारण त्याने लक्ष पुन्हा दुखण्यावरच खिळते. दोन आठवड्यांनी वही चाळली की कर्जाच्या हप्त्याची तारीख, घरातला वाद किंवा जागरण यांचा दुखण्याशी असलेला संबंध बहुतेकांना स्वतःच दिसतो.

त्यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षही त्याचेच होते: कामाचे माप ठरवणे. जुने दुखणे असलेली व्यक्ती बऱ्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकते, त्याची किंमत म्हणून पुढचे दोन दिवस अंथरुणात काढते आणि पुन्हा बरे वाटताच तेच करते. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हे अगदी स्पष्ट दिसते. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांची विरळणी सुरू झाली की मांडवाखाली मान वर आणि हात डोक्याच्या वर धरून तासन्‌तास काम चालते, आणि हातातली ओळ संपल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही, अशी टोळीची रीत असते. खांदा किंवा मान दुखणाऱ्या बाईने इथे ओळीऐवजी घड्याळावर चालावे. दुखणे वाढण्याआधी किती मिनिटे हात वर राहतो, हे तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावे. समजा तीस, वीस आणि पंचवीस मिनिटे आली, तर सरासरी पंचवीस होते. तिच्यातून एक पंचमांश वजा करून वीस मिनिटांपासून सुरुवात करावी. वीस मिनिटे झाली की बरे वाटत असले तरी थांबावे, पाच-सात मिनिटे हात खाली ठेवून करायचे काम घ्यावे आणि मग पुन्हा घडांकडे वळावे. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवावीत. वाईट दिवशीही, शक्य तोवर, ठरलेले माप सोडू नये. उक्त्या कामात हे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. तिथे मुकादमाशी आधीच बोलून टोळीतल्या टोळीत कामाची अदलाबदल करून घ्यावी. सातपूर-अंबडच्या कारखान्यात यंत्रापुढे उभ्या असणाऱ्याला किंवा दिवसभर संगणकावर बसणाऱ्यालाही हाच हिशेब लागू पडतो.

यानंतर भीतीकडे यावे. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ असे एकदा ऐकले की माणूस वाकणे, उचलणे, जिना चढणे सोडून देतो. स्नायू दुबळे होतात, थोड्या हालचालीनेही दुखू लागते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. पाठ न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या मणक्याच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) झिजलेल्या आढळल्या होत्या. एमआरआयच्या अहवालातला प्रत्येक शब्द म्हणजे इजा नव्हे, हे यावरून कळते. टाळलेल्या हालचालींची यादी करून सर्वांत कमी भीतीची हालचाल आधी घ्यावी. कंबर दुखणाऱ्याने आधी खुर्चीवर बसून पुढे झुकावे, मग उभे राहून टेबलावरची वस्तू घ्यावी, मग जमिनीवरची रिकामी बादली उचलावी, नंतर अर्धी भरलेली. गोदापार्कवर सपाट चालणे जमू लागले की पांडवलेणीच्या पायऱ्या थोड्या थोड्या चढून पाहाव्यात. प्रत्येक हालचाल भीती कमी होईपर्यंत अनेकदा करावी. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हे केल्यास धीर येतो.

मनात उठणारी वाक्येही कागदावर उतरवावीत. ‘आता मी कायमची अंथरुणाला खिळणार’ या वाक्यासमोर खोटी आशा लिहू नये, तिच्यावर मनाचा विश्वास बसत नाही. ‘आज दुखणे वाढले आहे, दिवाळीतही असेच वाढले होते आणि काही दिवसांत उतरले’ असे स्वतःच्या वहीतून पडताळता येईल इतके खरे वाक्य लिहावे.

घरच्यांचा भाग अवघड असतो. दिवसातून दहा वेळा ‘दुखतंय का गं?’ असे विचारून हातातले भांडे काढून घेणारी सासू प्रेमानेच तसे करते, परंतु त्यामुळे सुनेचे लक्ष दुखण्यावरच खिळते आणि मदत कण्हण्यावर अवलंबून राहते. उलट ‘नाटकं पुरे’ म्हणणाऱ्या घरात रुग्ण ताणाखाली राहतो आणि दुखणे बळावते. घरात एकदा बसून ठरवावे की मदत ठरलेल्या कामांत आणि ठरलेल्या वेळी मिळेल, आणि चौकशी करताना ‘आज काय काय जमलं?’ असे विचारले जाईल.

झोपेसाठी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, दिवसा अंथरुणावर पडणे टाळावे आणि वीसेक मिनिटांत झोप न लागल्यास उठून दुसरीकडे शांत बसावे. ध्यानाचाही उपयोग होतो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सजगतेचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात जुनाट वेदनेचे रुग्ण प्रथमपासून होते. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना ध्यानकेंद्र असल्याने पुष्कळ जण थेट दहा दिवसांच्या शिबिराचा विचार करतात, पण आखडलेल्या कंबरेने तितके तास बसणे ही सुरुवात असू नये. घरी खुर्चीवर दहा मिनिटे बसून श्वासाकडे लक्ष देणे पुरेसे आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नये. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर अहोरात्र बोलता येते, मराठीतूनही. अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन ही औषधे लिहून दिली, तर ‘ही नैराश्याची गोळी मला का?’ म्हणून चिठ्ठी फाडू नये. ती वेदनेवरही काम करतात, अमिट्रिप्टिलिन तर वेदनेसाठी सहसा कमी मात्रेतच देतात. सुरू केलेली गोळी मनाने एकदम बंद करू नये, आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाऊन पोट व मूत्रपिंड धोक्यात घालू नये.

शेवटी, दुखणे उसळेल त्या दिवसासाठीचा कागद बऱ्या दिवशीच लिहून ठेवावा. कामाचे माप निम्म्यावर आणायचे पण पूर्ण थांबायचे नाही, कोणता शेक आणि डॉक्टरांनी सांगितलेली कोणती गोळी घ्यायची, कोणाला फोन करायचा आणि कितव्या दिवसापासून पुन्हा माप वाढवायचे, एवढे त्यावर असावे. तो घरातल्या सर्वांना दिसेल असा स्वयंपाकघरात लावावा, आणि पुढच्या भेटीत वहीसोबत डॉक्टरांनाही दाखवावा.