सुरू होऊन बंद पडणारं इंजिन: १ ऑगस्टआधीची तयारी

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे शाकारलेल्या होडीतलं डिझेल इंजिन निदान दोन महिने दमट हवेत गप्प असतं. ताडपत्री काढली, हँडल मारलं, पहिल्याच झटक्यात धडधडलं की आपण खूश. आणि दीड मिनिटात ते आचके देत बंद. अशा वेळी लगेच नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढायला घेऊ नका. जे इंजिन सहज सुरू होतं त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं, धड असतं. बहुतेक वेळा त्याला डिझेल पोचत नसतं, एवढंच.

हात काळे करण्याआधी सामान जमवा. डिझेल फिल्टर, एक नव्हे दोन. तांब्याची वायसरं, होज क्लिपा, हातभर पारदर्शक डिझेल नळी, काचेची बरणी, चिंध्या, आणि पाच लिटरचा स्वच्छ कॅन, पंपावरून आणलेल्या ताज्या डिझेलने भरलेला. हा कॅन सगळ्यात महत्त्वाचा, पुढे सांगतो. बॅटरी चार्ज करून घ्या. होडी अजून किनाऱ्यावर असेल तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची सोय आधी बघा: समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरला तर मिनिटा-दोन मिनिटांत जळतो, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

आता इंजिन सुरू करून नुसतं बघा, घड्याळ लावून. बंद पडताना धूर कमी होत गेला तर डिझेल तुटतंय. काळा धूर भरला तर हवा कमी पडतेय किंवा एक्झॉस्ट तुंबलाय. एअर फिल्टर आणि एक्झॉस्टचं तोंड बघा, तिथे घरटंसुद्धा सापडतं. गिअर टाकल्यावरच बंद पडत असेल तर आधी होडीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळ्याचा दोर गुंडाळलाय का ते पाहा. इंजिन बंद करायची स्टॉपची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते, तीही मागे ढकलून बघा.

मग टाकी. कॉक पूर्ण उघडलाय ना? टाकीच्या तळाचं डिझेल बरणीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. पाणी असेल तर ते खाली बसेल. पाणी आणि डिझेलच्या मध्ये काळा, बुळबुळीत थर दिसला तर ती जिवाणू आणि बुरशीची वाढ. तेच फिल्टरला लेप देतात. मग टाकी रिकामी करून आतून पुसण्याला पर्याय नाही.

डिझेल ओढलं जाईल तशी टाकीत हवा घेणारी जी नळी असते, तिच्याबद्दल मी एकदा चांगलाच फसलोय. नोजल तपासून आणले, पंप उघडला, दोन दिवस गेले, पैसे गेले ते वेगळेच. शेवटी कुणीतरी टाकीचं झाकण सैल केलं, 'सूंऽ' करून हवा आत गेली आणि इंजिन सुरळीत चालायला लागलं. नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. म्हणून झाकण सैल करून बघणं ही फुकटातली परीक्षा आधी करा. टाकी गच्च भरलेली असली की हा त्रास उलट लवकर होतो, कारण आत हवा जेमतेम असते आणि थोडं डिझेल ओढलं की लगेच पोकळी होते.

एवढ्यावर भागलं नाही तर कॅन. इंजिनापेक्षा उंच, पक्का बांधून ठेवा आणि नळी थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, जोडा. इंजिन आता अर्धा तास न अडखळता चाललं, तर बिघाड टाकी ते फीड पंप एवढ्याच वाटेवर आहे. या वाटेवर गळती असली तरी बाहेर थेंब दिसत नाही, कारण पंप ओढत असतो. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जोड वरून कोरडा ठणठणीत, म्हणून कुणाला संशय येत नाही. कॅन काढून तिथे पारदर्शक नळी टाका, बुडबुडे दिसतील. मग तडे गेलेल्या नळ्या, क्लिपा, वायसरं बदला. जुनं वायसर उलटं करून परत बसवण्याची काटकसर नको.

कॅनवरही बंद पडलं, तर मुख्य फिल्टर बदला, मग फीड पंपाचा पडदा बघा.

नळी सोडली की एअर काढणं, म्हणजे आत शिरलेली हवा बाहेर काढणं, आलंच. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातखटका मारत राहा. फेस थांबून सलग धार आली की घट्ट. मग नोजलला दाबाने डिझेल देणाऱ्या डिझेल पंपावरचा स्क्रू, तसंच. नोजलच्या नळ्यांचे नट सैल करून इंजिन फिरवताना मात्र हात समोर धरू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते.

शेवटी होडी पाण्यात, जेट्टीला पक्की बांधून, गिअर टाकून अर्धा तास चालवा. पहिल्या फेरीनंतर टाकीखाली बरणी पुन्हा धरा. खाडीच्या तोंडाशी लाटांत टाकी ढवळते आणि जेट्टीवर न दिसलेला गाळ तिथे वर येतो. दोन फिल्टर आणायला सांगितले ते यासाठी.