मंत्रालयातून तोंडी निरोप आला तर

परिसंवाद दोन दिवसांवर आलेला असतो आणि विद्यापीठाच्या कुलसचिवांचा (रजिस्ट्रारचा) फोन वाजतो. "त्या अमुक वक्त्यांचं जरा बघा, साहेबांची इच्छा आहे." आदेश कोणी देत नाही, सही कोणाचीच नसते. कार्यक्रम मात्र रद्द होतो आणि बोल लागतो विद्यापीठाला. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या फोनचा कागद करणं.

त्याच दिवशी ईमेल पाठवा. मजकूर एवढाच पुरे: "आज दुपारी ३.२० वाजता आपल्या कार्यालयातून अमुक कार्यक्रम रद्द करण्याबाबत दूरध्वनीवर कळवण्यात आले. ही सूचना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कोणत्या कलमाखाली आहे, ते लेखी कळवावे. तोवर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल." शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की उत्तराची वाट बघत सगळे थांबतात, आणि समोरच्याला तेवढंच हवं असतं. जावक क्रमांक टाका, एक प्रत कुलगुरूंना, एक नस्तीत (फाइलमध्ये). पुष्कळ निरोप इथेच विरतात, कारण असल्या गोष्टीवर सही करायला कोणी धजत नाही.

लेखी पत्र आलंच, तर आधी विषय बघा. नवी पदं, वेतन, भत्ते यांबाबत याच अधिनियमाचं कलम ८ शासनाला खरोखरच अधिकार देतं. तिथे स्वायत्ततेचा झेंडा नाचवलात तर हसं होतं, शिवाय पुढे खरी तक्रार घेऊन गेलात तरी कोणी मनावर घेत नाही. अभ्यासक्रमाचा विषय असेल तर तो अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद या विद्यापीठाच्या शैक्षणिक मंडळांपुढेच न्या. कुलगुरूंनी कलम १२(७) चे तातडीचे अधिकार वापरून एकट्याने निकाल लावू नये. एका माणसावर दाब आणणं सोपं असतं.

खरा घात होतो तो विद्यापीठाच्या स्वतःच्या आदेशाच्या मसुद्यात. लिपिक सवयीने टंकतो, "शासनाच्या निर्देशानुसार..." या दोन शब्दांवर आख्खं प्रकरण फिरू शकतं. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी अंधेरीतल्या एका चित्रपटगृहाची परवानगी शासनाने कळवल्यावरून रद्द केली होती. अधिकार आयुक्तांचा होता, पण त्यांनी तो स्वतः वापरलाच नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ते रद्द करणं अग्राह्य ठरवलं. आदेशात नसलेली कारणं मागाहून जोडता येत नाहीत, हेही त्याच निकालात आहे. २०२३ मध्ये केरळातल्या कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनियुक्ती याच तत्त्वावर गेली: निर्णय कुलपतींचा, म्हणजे राज्यपालांचा, हवा होता, तो झाला राज्य शासनाच्या दबावाखाली. तेव्हा ठराव विद्यापीठाच्या बाजूचा असला तरी तो करणाऱ्या मंडळाची स्वतःची कारणं त्यात लिहा, तीही त्याच बैठकीत.

इतिवृत्तावर डोळा ठेवा. तुम्ही अर्धा तास विरोध करता आणि महिन्याभराने छापून येतं, "चर्चेअंती मान्य." यावर उपाय म्हणजे बैठकीच्या संध्याकाळीच भिन्नमताची टीप कुलसचिवांना ईमेलने पाठवणं आणि पुढच्या बैठकीत, इतिवृत्त कायम होण्याआधी, ती जोडायला लावणं.

कागद दाबून ठेवले जात असतील तर माहितीचा अधिकार आहेच. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. "का रद्द केलं?" असं विचारू नका, प्रश्नार्थक म्हणून अर्ज परत येतो. "अमुक ते अमुक तारखेदरम्यानच्या नस्तीतील टिपण्या व पत्रव्यवहाराच्या प्रती" असं मागा. एक अर्ज विद्यापीठात आणि दुसरा उच्च व तंत्र शिक्षण विभागात टाका, म्हणजे दोन्हींकडचे कागद ताडून बघता येतात.

न्यायालयात जायचं तर वेळ दवडू नका. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेटची) पदवीधर निवडणूक २२ सप्टेंबर २०२४ ला होती. ऐनवेळी शासनाने ती थांबवली. उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी, शनिवारी, सुनावणी घेतली आणि २४ तारखेला मतदान घ्यायला लावलं. इतक्या कमी वेळात याचिका उभी करायची तर अधिनियम, अधिसूचना, स्थगितीचं पत्र आणि स्वतःचा पत्रव्यवहार तारीखवार लावून एका फायलीत आधीच तयार हवा. विद्यापीठ स्वतः शासनाविरुद्ध सहसा जात नाही, त्यामुळे याचिकाकर्ता बहुधा एखादा अधिसभा सदस्य किंवा उमेदवार असतो. तो कोण, हे फोन येण्याआधीच ठरवून ठेवा.