एमजीबीचं क्लच पेडल खूप खाली जातंय? मास्टर सिलेंडर मागवायच्या आधी पिन बघा

एमजीबी म्हणजे इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला 1962 ते 1980 बनलेली ती दोन दरवाज्यांची स्पोर्ट्स कार. आता यातली प्रत्येक गाडी चाळिशी ओलांडलेली आहे, त्यामुळे पेडल अर्ध्यापर्यंत ढिलं आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र, ही तक्रार ठरलेलीच. बहुतेक जण थेट नवीन मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ऑइलमधून क्लचकडे पाठवणारा पंप) मागवतात, माझ्या मते ते सगळ्यात शेवटी.

आधी पेडल भराभर पंप करून बघा. पंप केल्यावर क्लच वर पकडत असेल तर सिस्टीममध्ये हवा आहे नाहीतर सील गेलेत, काहीच फरक पडत नसेल तर झीज आहे. पेडलवरून ब्रेक ऑइल (क्लचमध्येही तेच असतं) ओघळत असेल तर मात्र मास्टरच गेलाय, आणि ते ऑइल पेंट खातं, लगेच पुसा.

झीज असेल तर बॉनेट उघडून पेडल बॉक्सचं झाकण काढा आणि कोणाला तरी पेडल हाताने हळू दाबायला सांगा. सुरुवातीला जेवढं पेडल हलतं पण पुशरॉड (मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) जागचा हलत नाही, तेवढा सगळा प्रवास फुकट जातोय. स्प्लिट पिन आणि वॉशर काढून क्लेव्हिस पिन (पेडल आणि पुशरॉड जोडणारी) बाहेर घ्या, झिजली असेल तर नख फिरवलं की खाच लागते. पिन 5/16 इंची असते, स्वस्त असते, बदलूनच टाका. पण नुसती पिन बदलून भागत नाही कारण पेडलचं भोकही लंबगोल झालेलं असतं, आणि इथे झालेला 1 मिमी प्ले (मोकळी हालचाल) पायाखाली कितीतरी पट होतो.

भोकासाठी पेडल काढावं लागतं. रिटर्न स्प्रिंग कशी अडकवलीय त्याचा फोटो आधी काढा, नंतर आठवत नाही. क्लच आणि ब्रेक दोन्ही पेडल एकाच बोल्टवर असतात, तो काढला की दोन्ही सुटतात. भोक वेल्डिंगने भरून 5/16 चं ड्रिल मारून घ्या, पिव्होटचा बुश ढिला असेल तर तोही आत्ताच बदला, परत कोण खोलणार! ग्रीस लावून बसवा, स्प्लिट पिन नवीनच घाला. पेडल पूर्ण वर असताना पुशरॉडला किंचित प्ले राहिलाच पाहिजे, नाहीतर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो.

खाली गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलेंडर (मास्टरचं ऑइल जिथे पोचतं तो) आणि फोर्क (क्लच सोडवणारा लिव्हर) यांच्या मधे अशीच एक पिन आहे, तीही बघा, लोक विसरतात.

शेवटी पेडल पूर्ण दाबायला लावून स्लेव्हचा पुशरॉड मोजा, साधारण अर्धा इंच सरकायला हवा. कमी सरकत असेल तर एअर काढा, पेडल पंप करून निघत नसेल तर स्लेव्हच्या एअर काढायच्या निप्पलमधून वरच्या दिशेने ऑइल ढकला. अर्धा इंच सरकूनही गिअर ओरडत असेल तर दोष आत क्लचमध्येच आहे, मग इंजिन बाहेर काढायची तयारी ठेवा.