नाकाबंदीच्या रस्त्यावरून औषधं न्यायची असतील तर

मणिपूरला औषधं पाठवताना पहिली गोष्ट: एकाच ट्रकमध्ये दोन्हीकडचा माल भरू नका. 3 मे 2023 ला हिंसाचार पेटला आणि खोऱ्यात मैतेई, डोंगरात कुकी अशी फाळणीच झाली. कुकींकडचं चुराचांदपूर खोऱ्यातल्या इंफाळपासून साठेक किलोमीटर, पण मधला पट्टा ओलांडता येईना. म्हणून आम्ही नाशिकहूनच दोन खेपा केल्या. नागालँडकडून इंफाळला येणारा राष्ट्रीय महामार्ग 2 कुकीबहुल कांगपोकपीतून जातो, तो तेव्हा कधी खुला तर कधी बंद असायचा; त्यामुळे इंफाळची खेप सिल्चर-जिरीबाममार्गे महामार्ग 37 वरून आणि चुराचांदपूरची मिझोराममधल्या ऐझॉलवरून. खर्च वाढतो, वाढू द्या.

पुढच्या टप्प्यासाठी चालक नागा किंवा पांगल, म्हणजे मणिपुरी मुसलमान, बघा. दोन्ही बाजूंना जाऊ शकणारी माणसं तीच.

आता पॅकिंग. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे सवयीने सगळे खोके टेपने घट्ट बंद केले होते. एका नाक्यावर बायकांनी ट्रक अडवला. आत काडतुसं नाहीत ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. गावं जळालेली, ती भीती खरीच होती. टेप निघेना म्हणून ब्लेड चाललं. ओआरएसची पाकिटं फाटून चिखलात पडली. इन्सुलिनचा थर्माकोलचा डबा उघडा राहिला, बर्फाचं पाणी झालं. 2 ते 8 अंशांत ठेवायचं औषध भर उन्हात तीन तास होतं. ते मी कुणाला दिलं नाही. अजून जीव हळहळतो.

त्यानंतर खोके सुतळीने बांधतो, सरकगाठ मारून. उघडा, बघा, परत बांधा. यादी खोक्यावर बाहेरून चिकटवा, त्यांना वाचता येईल अशा भाषेत. इन्सुलिन ट्रकने नकोच. विमानाने माणसासोबत जाऊ द्या.

आणि दोन्ही खेपांच्या याद्या चालकाजवळ ठेवा. नाक्यावर हमखास विचारतात, ‘त्यांना काय दिलंत?’ लपवू नका, दाखवा. आमच्या याद्या ओळीला ओळ सारख्या होत्या. एका आजींनी बोट फिरवत दोन्ही ताडून पाहिल्या आणि सुतळी स्वतःच बांधून दिली.

‘मागे फिरा’ म्हणाले तर फिरा. रात्री आडवाटेने ट्रक घालू नका. पुढच्या वेळी त्याच नाक्यावरून जायचंय. चालकाजवळ चार दिवसांचा शिधा आणि रोख पैसे द्या.